घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे!

लग्नघरी पाहुण्यांची अंथरुणे ओसरीवर एका रांगेत पडली, की मध्यरात्रीनंतर कुणाचे ना कुणाचे घोरणे सुरू होतेच. सकाळी चहाच्या वेळी त्यावरून थट्टा रंगते. ‘मामांनी काल कौले हलवली,’ असे कुणी म्हणते आणि मामाही हसण्यात सामील होतात. दिवसभर राबलेल्या माणसाला ढाराढूर झोप लागते, घोरणे ही त्याचीच खूण, अशी आपली समजूत असते. त्या रात्री शेजारी जाग्या असलेल्या एखाद्याने मात्र आणखी काही ऐकलेले असते. घोरण्याचा आवाज चढत जातो आणि एकाएकी थांबतो. दहा, वीस, कधी तीस सेकंद काहीच ऐकू येत नाही. मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज होतो, माणूस कूस बदलतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. थट्टेच्या भरात ही मधली शांतता सांगायची राहून जाते. वास्तविक खरा आजार त्या शांततेतच दडलेला असतो.

या आजाराला वैद्यकशास्त्रात ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ म्हणतात. मराठीत त्याला झोपेतील श्वसनावरोध म्हणता येईल. ‘ॲप्निया’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच श्वास नसणे असा आहे. ज्येष्ठ संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वयाच्या ६९ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत या आजाराचे नाव होते. त्या बातमीमुळे अनेक घरांत ते प्रथमच ऐकले गेले. आजार मात्र दुर्मीळ नाही. मुंबईतील डॉ. झरीर उदवाडिया यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत वारंवार अडत होता आणि ७.५ टक्के पुरुषांना त्याच्या जोडीने दिवसा अनावर झोपही येत होती. देशातील निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील सुमारे ११ टक्के प्रौढांना हा विकार असल्याचा अंदाज आहे.

श्वास अडतो कसा?

विहिरीवर मोटार बसवणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट चटकन समजेल. पाणी खेचण्याच्या बाजूला नेहमी कडक पाइप लावतात. तेथे मऊ पाइप लावला, तर आतल्या ओढीने तो चपटा होतो आणि पाणी बंद पडते. आपला घसा हा असाच मऊ पाइप आहे. खाली श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, पण नाकामागून स्वरयंत्रापर्यंतचा मार्ग केवळ स्नायूंनी तोलून धरलेला असतो. जागेपणी हे स्नायू ताठ राहतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली झुकतात. मार्ग थोडा अरुंद झाला, की त्यातून जाणाऱ्या हवेने ते भाग थरथरतात. हेच घोरणे. मार्ग पूर्ण मिटला, की छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही.

रक्तातील प्राणवायू कमी होऊ लागला, की मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो. स्नायू पुन्हा ताठ होतात, मार्ग उघडतो आणि धाप टाकल्यासारखा श्वास आत येतो. ही जाग इतकी अल्प असते, की सकाळी तिची आठवणही राहत नाही. त्यामुळे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो, ‘मला झोप उत्तम लागते.’ प्रत्यक्षात त्याची झोप रात्रभर तुकड्या-तुकड्यांनी तुटलेली असते.

श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबला, तर तो एक अवरोध मोजतात. श्वास पुरता न थांबता बराच मंदावला आणि त्यासोबत प्राणवायू घटला किंवा झोप चाळवली, तर तोही मोजण्यात धरतात. तासाला असे ५ ते १५ प्रसंग घडले तर आजार सौम्य, १५ ते ३० घडले तर मध्यम आणि ३० पेक्षा अधिक घडले तर तीव्र समजतात. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांस एक. सात तासांच्या झोपेत अशा माणसाचा श्वास दोनशे दहा वेळा अडतो.

हा केवळ स्थूल माणसांचा आजार नव्हे

लठ्ठपणा हे या विकाराचे सर्वांत मोठे कारण आहे, यात शंका नाही. मानेभोवती आणि जिभेत साठलेली चरबी घशाचा मार्ग अरुंद करते. परंतु अंगाने सडपातळ माणसालाही हा आजार होऊ शकतो. खालचा जबडा लहान किंवा मागे असणे, टॉन्सिल मोठे असणे, नाक सतत चोंदणे, थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावणे, घराण्यातच हा विकार असणे, ही त्याची अन्य कारणे होत. वय वाढते तसा धोका वाढतो. मद्य आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू अधिकच सैल करतात. ‘झोप लागावी म्हणून’ रात्री घेतलेला पेला झोप आणतो खरा, पण श्वासही अडवतो.

पुरुषांमध्ये हा आजार अधिक आढळत असला, तरी रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमधील प्रमाण वाढते. त्यांची लक्षणे पुष्कळदा वेगळी असतात. मोठ्याने घोरण्याऐवजी सततचा थकवा, सकाळची डोकेदुखी, रात्री वारंवार जाग येणे, चिडचिड, उदासपणा अशा तक्रारी त्या सांगतात. मग ‘रक्त कमी असेल’, ‘वयाचे असेल’ असे म्हणून विषय संपतो. शिवाय नवऱ्याच्या घोरण्याविषयी बायको निदान कुरकुर तरी करते. बायकोच्या घोरण्याविषयी चारचौघांत किंवा डॉक्टरांपाशी बोलणे घरात कमीपणाचे मानले जाते. अशा घरात आजार वर्षानुवर्षे झाकलेला राहतो.

रक्तदाबाच्या गोळ्या लागू का पडत नाहीत?

श्वास अडण्याच्या प्रत्येक प्रसंगी शरीर संकटात सापडल्यासारखे वागते. नाडी आणि रक्तदाब एकाएकी वाढतात. रात्रीच्या विश्रांतीत रक्तदाब उतरायला हवा. येथे तो चढलेलाच राहतो. हळूहळू दिवसाही तो वाढलेला आढळू लागतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, अशा अनेक रुग्णांत झोपेतील श्वसनावरोध आढळतो. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, हृदय कमकुवत होणे, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशीही या आजाराचा संबंध आहे. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणे हेही त्याचे एक लक्षण असू शकते. ‘साखर असेल’ किंवा ‘प्रोस्टेट असेल’ एवढ्यावर न थांबता झोपेचीही चौकशी व्हायला हवी.

दिवसाचे नुकसान तर डोळ्यांसमोर घडते. लक्ष लागत नाही, विसरायला होते, कामात चुका होतात, बोलता बोलता डोळा लागतो. अशा माणसाला घरी आणि कामावर ‘आळशी’ हे विशेषण चिकटते.

घाटरस्ता आणि क्षणाची डुलकी

आजऱ्याच्या संदर्भात एका धोक्याचा वेगळा विचार करायला हवा. संकेश्वर–बांदा रस्ता आजऱ्यातून जातो आणि पुढे आंबोलीच्या घाटाने कोकण-गोव्याकडे उतरतो. मालमोटारी, खासगी बसगाड्या आणि पर्यटकांची वाहने या रस्त्याने रात्रीही धावतात. उसाच्या गळीत हंगामात त्यांत भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते. पावसाळ्यात धुके उतरते आणि वळण शेवटच्या क्षणी दिसते. अशा ठिकाणी चालकाला तीन-चार सेकंदांची डुलकीही परवडणारी नाही.

उपचार न घेतलेल्या स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाकडून वाहनाचा अपघात होण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसून आले आहे. चहा, तंबाखू, मोठ्या आवाजातील गाणी किंवा तोंडावर पाण्याचा हबका यांनी ही झोप हटत नाही, कारण ती एका रात्रीच्या जागरणाची नसून महिनोन्महिने साचलेली असते. ज्याला वाहन चालवताना डुलकी येते, त्याने निदान होऊन उपचार लागू पडेपर्यंत सुकाणूवर बसू नये. रोजगाराच्या दृष्टीने हा सल्ला कठीण आहे. परंतु हा आजार बरोबर उपचारांनी आटोक्यात येतो आणि बहुतेक चालक पुन्हा कामावर जाऊ शकतात, हेही तितकेच खरे आहे. आजार लपवण्यापेक्षा त्यावर इलाज करणेच रोजगाराच्या हिताचे आहे.

घरच्या घरी आठ प्रश्न

कॅनडातील टोरोंटो येथे डॉ. फ्रान्सेस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली आठ प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. प्रश्न सोपे आहेत :

१. बंद दाराबाहेर ऐकू येईल इतक्या मोठ्याने आपण घोरता का?
२. दिवसा वारंवार थकवा किंवा झोप येते का?
३. झोपेत आपला श्वास थांबताना किंवा आपण घुसमटताना कुणी पाहिले आहे का?
४. आपल्याला उच्च रक्तदाब आहे का, किंवा त्यावर औषध चालू आहे का?
५. आपला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ३५ पेक्षा अधिक आहे का?
६. वय ५० पेक्षा अधिक आहे का?
७. मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा अधिक आहे का?
८. आपण पुरुष आहात का?

तीन-चार प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील तर धोका मध्यम आणि पाच किंवा अधिक असतील तर धोका मोठा समजावा. यातील पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर झोपणाऱ्याने स्वतः देऊ नये. ते शेजारी झोपणाऱ्याला विचारावे. तसेच आपल्याकडे वजनाचा आकडा ३५ पर्यंत पोहोचण्याच्या बराच आधी धोका सुरू होतो. भारतीयांसाठी २५ च्या पुढेच स्थूलता मानतात. म्हणून केवळ गुण कमी आले या कारणाने स्पष्ट लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

आणखी एक साधा उपाय आहे. घरातील माणूस घोरत असताना भ्रमणध्वनीवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करावे. त्यात आवाज थांबून पुन्हा धापेसह सुरू होताना टिपला गेला, तर डॉक्टरांना त्याची फार मदत होते. रुग्णाच्या ‘मी घोरत नाही’ या ठाम उत्तरावरही तो उतारा ठरतो.

निदान कसे होते?

नक्की निदानासाठी झोपेची तपासणी करावी लागते. तिला पॉलिसोमनोग्राफी म्हणतात. रुग्ण एक रात्र तपासणी केंद्रात झोपतो. डोके, छाती, पोट, पाय आणि बोटाला तारा जोडून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची धडपड, प्राणवायू आणि हृदयाचे ठोके यांची नोंद घेतात. त्यात सुई टोचावी लागत नाही आणि वेदनाही होत नाहीत. लक्षणे स्पष्ट असतील आणि हृदयाचे किंवा फुप्फुसाचे गंभीर दुखणे नसेल, तर लहान यंत्र घरी नेऊन तेथेच एक रात्र नोंद घेण्याची पद्धतही मान्य आहे. काही रुग्णांत घसा न मिटता मेंदूकडूनच श्वासाची आज्ञा थांबते. तो प्रकार वेगळा, त्याचे उपचारही वेगळे. हा फरक तपासणीशिवाय कळत नाही.

सुरुवात आजऱ्यातच करता येते. आपले नेहमीचे डॉक्टर किंवा ग्रामीण रुग्णालय येथे वजन, मानेचा घेर, रक्तदाब, साखर आणि गरज वाटल्यास थायरॉईड यांची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर त्यांच्या चिठ्ठीने गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा बेळगाव येथील छातीविकारतज्ज्ञ अथवा कान-नाक-घसा तज्ज्ञ यांना भेटावे. प्रवासाला निघण्यापूर्वी झोपेची तपासणी कोठे होते आणि यंत्र घरी मिळते का, हे दूरध्वनीवर विचारून घेतल्यास खेप वाया जात नाही.

हवेच्या दाबाचा उपचार

या आजाराचे वैद्यकीय वर्णन १९६५ साली झाले. त्यानंतरही अनेक वर्षे तीव्र रुग्णांसाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासाला वाट करून देणे हाच खात्रीचा उपाय होता. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरचा उपयोग करून रुग्णाच्या नाकावाटे सौम्य दाबाची हवा सतत सोडण्याची युक्ती शोधली आणि १९८१ साली पाच रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज ‘सीपॅप’ या नावाने ओळखला जातो तो हाच उपचार. पाणी सोडलेला मऊ पाइप जसा फुगून गोल राहतो, तसा हवेच्या दाबाने घसा रात्रभर उघडा राहतो. हे यंत्र प्राणवायू देत नाही किंवा श्वासही घेत नाही. श्वास रुग्ण स्वतःच घेतो. मध्यम आणि तीव्र आजारात हाच प्रमुख उपचार होय.

अनेकांना पहिल्या काही रात्रींतच दिवसाची झोप कमी झाल्याचे जाणवते. तरीही बरेच जण यंत्र बाजूला ठेवतात. मुखवटा घट्ट बसतो, हवा निसटते, नाक कोरडे पडते, लाज वाटते, ही त्याची कारणे असतात. यावर उपाय आहेत. मुखवट्याचा आकार बदलून मिळतो. हवा दमट करण्याची सोय असते. त्यात स्वच्छ, शक्यतो ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. सुरुवातीला संध्याकाळी जागेपणी अर्धा तास मुखवटा लावून सवय करावी. मुखवटा रोज सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावा. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या गावी इन्व्हर्टरची जोड द्यावी. हवा दमट करणारा भाग बंद ठेवल्यास वीज कमी लागते. यंत्र स्वस्त नाही. ते विकत घेण्यापूर्वी काही दिवस भाड्याने मिळते का, हे विचारावे.

या उपचाराविषयी अवास्तव अपेक्षाही नसाव्यात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हृदयरोग किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांमध्ये सीपॅपमुळे असे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. दिवसाची झोप, मनःस्थिती आणि जीवनमान मात्र सुधारले. त्या चाचणीतील रुग्ण यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरत होते, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून यंत्र झोपेच्या पूर्ण वेळ वापरावे आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांची औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

इतर उपाय

वजन कमी करणे हा उपचाराचा पाया आहे. वजन दहा टक्क्यांनी घटल्यास श्वास अडण्याचे प्रसंग सुमारे एकचतुर्थांशाने कमी होतात, असे अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील दीर्घ पाहणीत २००० साली दिसून आले. टिर्झेपटाइड या इंजेक्शनाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल व्यक्तींमधील मध्यम व तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. भारतात ते मार्च २०२५ मध्ये मधुमेह आणि स्थूलता यांसाठी बाजारात आले. ते महाग आहे आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

ज्यांचा श्वास मुख्यतः उताणे झोपल्यावर अडतो, त्यांना कुशीवर झोपण्याचा लाभ होतो. बनियनच्या पाठीवर कप्पा शिवून त्यात चेंडू ठेवण्याची जुनी युक्ती उताणे होऊ देत नाही. सौम्य आणि मध्यम आजारात दंतवैद्याकडून खालचा जबडा किंचित पुढे धरणारी पट्टी करून घेता येते. टॉन्सिल फार मोठे असतील किंवा जबड्याच्या रचनेत दोष असेल, तर निवडक रुग्णांना शस्त्रक्रिया उपयोगी पडते. केवळ घोरण्याचा आवाज घालवण्यासाठी, तपासणी न करता, शस्त्रक्रियेची घाई करू नये. आवाज जाईल आणि श्वास अडणे मात्र तसेच राहील.

शंख फुंकण्याच्या सरावाविषयी जयपूर येथे झालेली चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांच्या नियमित सरावाने दिवसाची झोप कमी झाली आणि श्वास अडण्याचे प्रसंगही काहीसे घटले. परंतु चाचणी केवळ ३० जणांवरची होती. हा सराव पूरक म्हणून करण्यास हरकत नाही. तीव्र आजारात यंत्राच्या जागी शंख घेऊ नये.

मुलांच्या बाबतीत

मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे टाकून झोपत असेल, झोपेत घामाघूम होत असेल, पुन्हा अंथरुण ओले करू लागले असेल, तर तेही तपासून घ्यावे. मुले मोठ्यांसारखी पेंगत नाहीत. उलट ती चंचल आणि हट्टी होतात, अभ्यासात मागे पडतात. त्यांना शिक्षा करण्यापूर्वी त्यांची झोप पाहावी. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल आणि ॲडेनॉइड हे प्रमुख कारण असते व ते काढण्याची शस्त्रक्रिया बहुतेकांना गुणकारी ठरते.

कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, ती दुसऱ्याच आजाराची असली तरी, घोरण्याची आणि श्वास थांबण्याची माहिती भूलतज्ज्ञांना अवश्य द्यावी. भुलीची आणि वेदनाशामक औषधे घसा अधिक सैल करतात. सीपॅप वापरणाऱ्याने यंत्र रुग्णालयात सोबत न्यावे.

बहुतेक आजारांत रुग्ण स्वतः तक्रार घेऊन येतो. या आजारात तसे घडत नाही, कारण आजार चालू असतो तेव्हा रुग्ण झोपलेला असतो. जागी असते ती त्याची पत्नी, आई, मुलगा किंवा ओसरीवरचा शेजारी. त्यांनी ऐकलेली ती काही सेकंदांची शांतता हाच या आजाराचा पहिला पुरावा होय. म्हणून पुढच्या वेळी कुणाच्या घोरण्याची थट्टा निघाली, तर हसून झाल्यावर एवढे अवश्य विचारावे : मधेच आवाज थांबत होता का? उत्तर ‘होय’ असेल, तर त्या माणसाला डॉक्टरांकडे पाठवावे आणि ज्याने ते ऐकले त्यालाही सोबत न्यावे.